साडेबारा टक्के

घणसोलीत, चौथ्या मजल्यावर, एसी रात्री नवाला बंद होतो.
मग खिडकी उघडून मी शत्रूला शिकवते.

शत्रू जांभळा. त्याच्याकडे सात ग्रह, खनिजाच्या खाणी,
आणि माझ्या एका ओळीतला राग:
शून्य ते एक, दोन दशांश स्थळांपर्यंत.
'कठीण' पातळीवर तो जास्त हुशार होत नाही.
हे खेळणाऱ्याला सांगायचं नसतं.
त्याला फक्त खनिज जास्त मिळतं,
जहाजं लवकर बांधून होतात.
अक्कल वाढवता येत नाही, म्हणून रेशन वाढवायचं.
पंचवीस टक्के दिले, लोक माऊस आपटतात.
पाच दिले, जांभया.
मंगळवारी मी साडेबारा लिहिले,
सहज, मधला आकडा म्हणून.

सोपं त्याहून अवघड.
जिंकायला शिकवायला तीन महिने लागले,
हरायला शिकवताना पाचवा चाललाय.
आधी त्याला आंधळा केला: तो सूर्यात घुसला.
मग आळशी केला: अख्खं आरमार घेऊन
एका ओसाड चंद्रापाशी उभा,
जेवणानंतर कचेरीच्या दारात उभं राहावं तसा.
मग सांगितलं,
समोरचा हरायला लागला की
थोडा मागे सर.

ती आवृत्ती पदाजी मढवींनी खेळली.
रात्रपाळीचे वॉचमन, तळवलीचे, साठीला टेकलेले.
चहाच्या बदल्यात बसतात माझ्या खुर्चीत,
एक बोट पँटला पुसून घेतात,
मग ग्रह निवडतात.
चाळीस मिनिटांत त्यांनी आकाशगंगा जिंकली
आणि माऊस बाजूला सारला, उष्टं ताट सारावं तसा.
"यो मना मुद्दाम जिकवतं.
नातवाशी खेलताना मी पन तेच करतंय.
मना नको."

मी आकडे दाखवणार होते. नाही दाखवले.
विचारलं, मग खरा माणूस कसा हरतो?

ते खिडकीशी गेले.
खाली बेलापूर रोडचे टँकर,
पलीकडे पारसिकचा डोंगर, खाणींनी अर्धा खाल्लेला;
उरलेला अर्धाही अंधारात दिसत नव्हता.
"ही बिल्डिंग हाय ना, हितं आमची खाचरं.
नोटीस आली तरी बाप बांध घालीत व्हता."
साडेबारा टक्क्यांचा कागद आला,
प्लॉट हातात यायला एकोणीस वर्षं गेली.
तोवर बाप रोज इथे येऊन बसायचा, भरावावर,
जिथे भात नव्हतं आणि बिल्डिंगही नव्हती.
"दुसरीकडं मिलत व्हतं त्याला. लई मिलत व्हतं.
त्याला ते दिसलंच नाय."

ते गेल्यावर मी मागे सरणं काढून टाकलं.
त्याची सगळी अक्कल परत दिली.
फक्त एक ओळ घातली:
पहिल्या ग्रहाची किंमत कधीही कमी होणार नाही.
खाणी संपल्या तरी. वस्ती संपली तरी.
आणि साडेबारा खोडून तेरा केले.
गणितात त्याने फारसा फरक पडत नाही.

दुसऱ्या रात्री जांभळ्याने पदाजींना धुऊन काढलं.
पाच ग्रह गेले, सहावा जात होता.
तेव्हा त्यांचं एक भरकटलेलं टेहळणी जहाज
जांभळ्याच्या त्या पहिल्या, रिकाम्या ग्रहाजवळून गेलं,
आणि जिंकत आलेलं सगळं आरमार
वळलं.
सगळं. एका जहाजासाठी.
मागे राजधानी उघडी पडली.

पदाजींना दिसलं. त्यांचं बोट वर होतं.
चहावर साय धरली.
"यो खरा हाय," म्हणाले.
मग दाबलं, कारण डाव तो डाव.

जांभळा त्या ग्रहाभोवती फिरत राहिला
शेवटचं जहाज फुटेपर्यंत.
"उद्या त्याला परत मिलतो काय, यो ग्रह?"
मिळतो, मी म्हटलं. नवा डाव सुरू केला की.
"बरं हाय त्याचं,"
म्हणाले, आणि बॅटरी घेऊन फेरीला गेले.